धक्का कोण देणार?

तीर्थरूप आत्याला वाकून नमस्कार. (खरं तर वाकता येत नाहीये, कंबर धरली आहे. तेव्हा नमस्कार मनातल्या मनात पोचला असं समज.) तुझे गुडघे कसे आहेत? जिने कमी चढतेस ना? इकडे आई ठीक, बाबा ठीक. गाडीची तब्येत मात्र एकदम सुधारली आहे आणि त्यामुळे घरात कुणालाच करमत नाहीये. सविस्तर लिहिते.

मला शाळेत नोकरी लागल्याचं तुला कळलंच असेल. गाव इथून फार लांब आहे. तिथली मुलं अशी, की त्यांच्या घरातल्या कुणीही कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, म्हणजे कालपर्यंतची मीच. अशा ठिकाणी आपण गेलो नाही तर शिकून केलं काय, असं मला मनापासून वाटतं. (हे वाक्य मी आईला ऐकवलं तेव्हा ती म्हणाली, "दूध उतू जातंय, ते आधी बघ.") बाबांनी नेमणुकीचं पत्र चष्मा लावून वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "जा की. चांगलंच आहे. पण गाडीला धक्का कोण देणार?"

हसू नकोस, ते अगदी गंभीर होते. तुझ्या वेळी स्टार्टर बिघडला होता म्हणून आपण गाडी ढकलायचो, मग बॅटरी म्हातारी झाली म्हणून आणि अलीकडे आल्टरनेटर गेला म्हणून. (इंजिन चालू असताना बॅटरी भरतो तो आल्टरनेटर. घरात त्याला 'तो डबा' म्हणतात.) कारणं बदलत गेली, ढकलणं तेवढं टिकलं. जुनी डिझेल गाडी, एकदा धडधडली की विजेवाचून चालते, या तिच्या एका गुणावर आपण दिवस काढले. दिवे लागत नाहीत म्हणून अंधार पडायच्या आत घरी यायचं. त्यावरून गल्लीत आपल्या घरच्या शिस्तीचं किती नाव आहे, तुला माहीत आहेच.

लहानपणी मला पुढच्या सीटवर बसवायचे. इंजिन लागलं की "लागली!" म्हणून ओरडायचं, एवढंच माझं काम. मग पाय लांब झाले आणि मागे बढती मिळाली, तू गेल्यावर रिकाम्या झालेल्या डाव्या बाजूला. उजवीकडे पर्स काखेत मारलेली आई, आत स्टिअरिंगवर बाबा आणि समोरचे शिंपीकाका गळ्यात टेप तसाच ठेवून मध्ये. ते "हं, लावा जोर!" म्हणायचे आणि स्वतः जोर लावायचे नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शाळेचा पहिला दिवस, दहावीचा पहिला पेपर, पदवीदान, सगळीकडे मी तळहात काळे करूनच गेले. आम्ही धावत दारं उघडायचो आणि चालत्या गाडीत उड्या मारायचो. आत पडल्यावर सगळे एकदम हसायचे, कालचं भांडण तेवढ्यात मिटलेलं असायचं.

पण धक्क्यासाठी माणूस अडकून पडावा हे मला तत्त्वतः पटत नव्हतं. मी आल्टरनेटर बदलायचा ठरवला. भंगारवाल्याकडून चालू हालतीतला आणला. मेकॅनिकला बोलावू म्हटलं तर बाबा म्हणाले, "घरात पदवीधर असताना मेकॅनिक?" (माझी पदवी तत्त्वज्ञानाची आहे. बाबांच्या मते पदवी ती पदवी.) आधी बॅटरीची तार काढावी असं पुस्तकात होतं. बाबा म्हणाले, "त्या बॅटरीत हॉर्नपुरताच जीव आहे, काय करतेय ती?" पाना टेकला मात्र, अशी ठिणगी उडाली की मी बंपरवरून थेट कुंडीत. कंबर तिथली. त्या हॉर्नपुरत्या जिवाबद्दल मला आता आदर आहे.

जुना डबा निघाला, नवा बसला, पण त्याला फिरवणारा पट्टा काही ताणला जाईना. आल्टरनेटर मागे रेटून धरायचा आणि बोल्ट आवळायचा, असं दोघांचं काम. बाबांनी झाडूचा दांडा घातला, मोडला. शेवटी आईने मोडक्या खाटेचा पाय आणला, इंजिनात खुपसला आणि त्यावर सगळं वजन टाकून म्हणाली, "आवळ गं, मला कुकर लावायचाय." मी आवळला. पट्टा पुरेसा ताणलाय का हे तिनेच कपड्यांच्या दोरीसारखं बोटाने दाबून ठरवलं.

त्या दिवशी गाडी शेवटची ढकलली आणि बाबांनी बॅटरी भरावी म्हणून ती लांबवर फिरवून आणली. दुसऱ्या दिवशी आई सवयीने उजवीकडे उभी, शिंपीकाका मध्ये, मी डावीकडे. बाबांनी किल्ली फिरवली आणि गाडी लागली. कुणी "लागली!" म्हटलं नाही. शिंपीकाका जरा वेळ गाडीवर हात ठेवून उभे राहिले, मग "बरंय, चांगलं झालं" म्हणून दुकानात गेले. आम्ही दारं उघडून सावकाश, पाहुण्यांसारखे आत बसलो.

असो. जे व्हायला हवं होतं ते झालं. आता सोमवारी निघायला मी मोकळी आहे. तब्येतीला जप.

तुझी भाची

ता. क. पाकीट चिकटवणार तोच हे घडलं. आज सकाळी गाडी सुरू झाली नाही. बॉनेट उघडलं तर बॅटरीची तार निघालेली आणि तिचा नट पुसूनबिसून शेजारी ठेवलेला. तार आपली आपण निसटली तर नट पुसत बसत नाही. मी बाबांकडे पाहिलं. ते काचेकडे बघत म्हणाले, "गाडीला माणसांची सवय लागते, बाळा. एकदम तुटत नाही." मी तार जोडली नाही. ढकलली. शिंपीकाका गिऱ्हाइकाचं माप अर्धं टाकून धावत आले आणि आज चक्क त्यांनी जोर लावला.

ता. क. २. आईला हे सांगितलं तर ती हसतच सुटली. म्हणाली, "यांच्या घराण्यातच आहे हे." तू टेलिफोन ऑफिसातल्या नोकरीवर निघालीस त्या सकाळी म्हणे आजोबांनी चारही टायरांची हवा सोडून ठेवली होती आणि पंप शोधायला तेच सगळ्यांच्या पुढे होते! खरं का गं हे? बाकी पत्राचं उत्तर सावकाश दे. एवढंच उलट टपाली कळव: मग तू त्या दिवशी कशी निघालीस?