पंधरा मीटर बाहेरचं घर

तीर्थरूप भाऊजींना शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. तुमचा गुडघा आता कसा आहे? खाली बसता-उठता येतं का? खरं काय ते कळवा, उगाच "बरा आहे" म्हणू नका. जाऊबाईंचा खोकला गेला का? (गेला नसेल तर त्यांना म्हणावं, रंधा चालतो त्या खोलीत बसून भाजी निवडणं बंद करा. हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून सांगते आहे.) आम्ही मायलेकी ठणठणीत आहोत. लेकीचे पुढचे दोन दात पडलेत, पण बोलण्यात काही घट नाही.

तुम्ही लिहिलंत की एकट्या बाईनं शहरात घराच्या भानगडीत पडू नये, पोरीला तुमच्याकडे पाठवावं, तिथली शाळा तुमच्या सुतारकामाच्या कारखान्यासमोरच आहे. तुमचं मन मोठं आहे. तुमचे भाऊ गेल्यापासून दोन वर्षांत तुमचं महिन्याचं पत्र एकदाही चुकलं नाही, हे मी विसरणार नाही. पण पोर माझ्यापाशी राहील आणि चांगल्या शाळेतही जाईल. दोन्ही. मला कुणाची मदत नको, आणि माझी समजूत घालायला तुम्ही इतक्या लांब येऊ नये, हेही आत्ताच लिहिते, म्हणजे पुढचं मोकळेपणानं सांगता येईल.

शाळेचं सांगते. तिथे पुस्तकांची एक खोली आहे आणि तिला कुलूप नाही. मी स्वतः जाऊन कडी ओढून पाहिली. तुम्हाला ठाऊक आहे, मी चौथीनंतर जे काही वाचलं ते पुस्तकबांधणीच्या कारखान्यात, छापील पानांचे फर्मे जुळवताना, सोळा-सोळा पानांनी. त्यामुळे शंभर पुस्तकांचा मधला भाग मला तोंडपाठ आहे आणि शेवट चारपाचांचाच. (एका कादंबरीतली बाई गेली सात वर्षं माझ्या डोक्यात विहिरीच्या काठावर उभी आहे. उडी मारली की पाणी भरून घरी गेली, देव जाणे. पुढचा फर्मा दुसऱ्या टेबलावर होता.) माझ्या पोरीनं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावं, एवढीच माझी हाव आहे.

आता या शाळेचा नियम असा की, फाटकापासून पायी एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलांना आधी घेतात. उरलेल्या जागांसाठी चिठ्ठ्या टाकतात, आणि गेल्या वर्षी जागा उरल्या दोन. आमची भाड्याची खोली तीन किलोमीटरवर. म्हणून घर हवं ते रेषेच्या आतलं. पण ही रेष फक्त मलाच दिसते असं थोडंच आहे! रेषेच्या आत भाव एकदम दीडपट. तीच वीट, तेच गळकं छप्पर, पण विटेला आपण हुशार मुलांच्या शेजारी आहोत याचा गर्व झालेला.

घरं दाखवायला एक दलाल बरोबर घेतला होता. माणूस इतका गोड की भेटून आल्यावर चूळ भरावीशी वाटते. त्यानं आधी शाळेसमोरची खोली दाखवली. तिथे पलंग टाकला तर दार उघडत नाही आणि दार उघडलं तर पलंग मावत नाही. तो म्हणाला, "बाई, तुम्ही खोली नाही, पत्ता घेताय." मी म्हटलं, "मग अंथरूण काय पत्त्यावर घालू?" दुसऱ्या घरात तो सगळा वेळ एका भिंतीला पाठ लावून उभा. निघताना पाहिलं तर अर्धी भिंत त्याच्या कोटावर आलेली.

तिसरं घर मात्र पाहिलं आणि मी मनातल्या मनात सामान लावू लागले. खाली लाँड्री, वर तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघराच्या खिडकीत झाड. विम्याचे पैसे आणि माझी शिल्लक यांत बसणारं. दलाल म्हणाला, "स्वस्त आहे, पण रेषेबाहेर. स्कूटरच्या काट्यावर अकराशे मीटर भरतं." मी मनात म्हटलं, तुझी स्कूटर मोठ्या रस्त्यानं वळसा घेते, माझी पोर पायऱ्यांच्या बोळातून जाईल.

रविवारी सकाळी तुमच्या भावांची हत्यारांची पेटी काढली. दोन वर्षांत पहिल्यांदाच. वरच त्यांची चावलेली पेन्सिल होती. ती परत ठेवली आणि पाच मीटरचा टेप घेतला. शाळेच्या फाटकाशी पोरीनं टोक धरलं, मी डबी ओढत पाचशेच्या आकड्यापर्यंत गेले, खडूची खूण केली, मग पुन्हा तिथून पुढे. पोरीनं एकदा कुत्र्यासाठी टोक सोडलं, एकदा शिंकेसाठी. लोक विचारायचे, "रस्ता रुंद होणार का हो?" मी म्हणायची, "विचार चालू आहे." दोनशे तीन वेळा टेप टाकला तेव्हा घराचं दार आलं. एक हजार पंधरा मीटर. पंधरा मीटर, भाऊजी! लाँड्रीच्या पायरीवर बसले. पोर म्हणाली, "आई, आपण मोठी पावलं टाकू."

मंगळवारी कारखान्यात जाडजूड वह्यांचे पुठ्ठे मापायचे होते. टेप पिशवीतच होता. पंचवीस सेंटीमीटरच्या मापानं गठ्ठा कापला. बांधायला घेतले तर वह्या चार बोटं उघड्या. फोरमन म्हणाला, "बाई, वह्यांना अर्ध्या चड्ड्या शिवल्यात का?" मग टेप हातात घेऊन तो हसतच सुटला. टेप दहापासून सुरू होत होता!

ही तुमच्या कारखान्याची रीत. टोक झिजतं, कडी सैल होते, म्हणून कापून टाकायचं आणि दहा वजा करायचे. तुमचे भाऊ कामावर "दहा सोडून!" ओरडायचे, ते मला वाटायचं सुतारांचं काहीतरी असेल. टोक नेहमी त्यांच्या हातात, डबी माझ्या. पहिला आकडा मला कधी दिसलाच नाही.

म्हणजे मी दोनशे तीन वेळा दहा-दहा सेंटीमीटर जास्त मोजले होते. मी वहीच्या पुठ्ठ्यावरच हिशेब मांडला. नऊशे चौऱ्याण्णव मीटर, सत्तर सेंटीमीटर. घर आत आहे. माणूस जाऊन दोन वर्षं झाली, आणि त्यानं कापलेल्या चार बोटांच्या पत्र्यानं लेकीची शाळा मिळवून दिली. त्या दिवशी पुठ्ठ्यांचे पैसे पगारातून कापले, तरी मी फोरमनला हसून नमस्कार केला.

घर रेषेच्या आत भरतं हे घरमालकांना मी खरं ते सांगितलं, लपवलं नाही. ते म्हणाले, "बाई, जिना काही पाच मीटरनं कमी झाला नाही. भाव तोच." इसार देऊन आले. दलालाला अजून वाटतं आहे की बाईला फसवलं. त्याचं सुख मी मोडलेलं नाही.

तेव्हा काळजी नसावी. जाऊबाईंना नमस्कार.

तुमची भावजय

ता. क. शाळेचा कारकून म्हणतो, तुमचं माप आम्ही धरणार नाही. वीस तारखेला सकाळी आठ वाजता तो स्वतः बरोबर येऊन लिहून घेणार आहे. टेप धरायची माणसं मात्र आपली आपण आणायची, आणि मूल चालणार नाही.

ता. क. दुसरा. वर मदत नको असं लिहिलंय, ते तसंच राहू द्या, खोडलं तर पत्र घाण दिसेल. पण एकोणीसला संध्याकाळी याल का? एकशे नव्व्याण्णव वेळा वाकावं लागेल, गुडघ्याचं म्हणून सुरुवातीलाच विचारलं. डबी मी धरीन. टोक धरणारं माझं माणूस राहिलं नाही, आणि परक्याच्या हाती ते द्यायला मन होत नाही.

ता. क. तिसरा. तुमचा टेप आणू नका. मी नवा घेतलाय, शून्यापासून सुरू होणारा. तुम्ही त्याला कात्री लावू नये.