शीतलच्या कुरडया आणि दुपारचं आभाळ

१८ एप्रिल, शनिवार
सगळ्या कुरडया वाया. सकाळी आभाळ निळंशार, गच्चीवर पाय ठरत नव्हता. एवढं ऊन पुन्हा मिळायचं नाही म्हणून पूजा आटपून नवाला घालायला बसले. साडेतीनला वळीव. प्लास्टिक ओढेपर्यंत गच्चीभर खळ. शेजारच्या म्हशीची चंगळ.
शीतलच्या रुखवताच्या होत्या. भाचीच्या रुखवतात मामाकडच्या कुरडया, हा या घरचा मान.
सासूबाई जिन्यातून, "ऊन लय बगितलंस. त्ये ऊनच पाऊस आनतंय, त्ये न्हाई बगितलंस."
राग आला. तरी लिहून ठेवते. खरं असावं.

१९, रवि.
नणंदबाईंचा फोन. "वहिनी, जमत नसेल तर राहू दे गं. शीतलला तळेगावातून विकतच्या आणते, रंगीत पण मिळतात." आवाज एकदम गोड. म्हटलं, मामाकडच्याच येतील. फोन ठेवला आणि कॅलेंडर काढलं.
लग्न मेच्या दहाला. गहू तीन दिवस भिजणार, चौथ्या दिवशी वाटायचा, रात्रभर चीक बसणार, पाचव्या दिवशी शिजवायचाच. नाहीतर आंबला. म्हणजे आज भिजवायचे तर गुरुवारचं आभाळ आजच कळायला हवं!

२१, मंगळ.
ऋतुजाला विचारलं. लेक अकरावी सायन्सला आहे, काहीतरी उपयोग. "आई, सूर्य हवा थेट तापवत नाही फारशी. तो जमीन तापवतो, जमीन हवा तापवते. तापलेली हवा वर जाते, वर गार होते, वाफेचे थेंब होतात."
म्हणजे चिकाचं पातेलं. खाली जाळ, झाकणाला थेंब.
"हो, पण पातेल्यात पाणी नको का? ते कोकणातून वाऱ्याबरोबर घाट चढून येतं."
हे मला दहावीत होतं. मार्कही बरे पडले होते. कुरडयांना लावायचं असतं हे कुठे सुचलं.

२४, शुक्र.
दुधाच्या वहीत कडेला खुणा. ऊ म्हणजे ऊन, ढ ढग, पा पाऊस. शिवाय दोरीवरची साडी कुठे उडते ते.
मं., बु. : साडी अकरालाच तळेगावकडे, म्हणजे वारा घाटाकडून, दमट. दोनला नागफणीच्या डोंगरावर ढ. मग पा.
गु., शु. : साडी दिवसभर घाटाकडे. वारा कोरडा. नुसतं ऊ.
ऊन मात्र चारही दिवस तेवढंच कडक!
हे हसले. "मोबाईलवर बघ की हवामान." बघितलं. तो पुण्याचं सांगतो. आमचं वलवण घाटमाथ्यावर, इथलं आभाळ वेगळं.
एक पक्कं. ढग दोनच्या आधी एकदाही नाही. जमीन तापायलाच तेवढा वेळ जातो. चूक उन्हाची नाही, माझ्या नवाची.

२६, रवि.
एकवीरा आईचं नाव घेऊन गहू भिजत घातले. हे बिघडलं तर लग्नाआधी दुसरी वेळ नाही. गुरुवारी वारा कुठला, ते मला सांगता येणार नाही, ऋतुजालाही नाही. पण उजाडताच घालायच्या, पातळ, एकपदरी. दोनपर्यंतचं ऊन माझं.
सा.बाई अडल्या. "पूजेआदी गॅस पेटवायचा? आपल्यात न्हाई चालत."
म्हटलं, "आई, अंघोळ करूनच पेटवीन. अर्घ्य गच्चीवर देईन. सूर्यनारायण तिथून समोरच."
त्यावर त्या, "सोऱ्या मी दाबीन. तुजा हात जड पडतो."

२८, मंगळ.
पाणी बदललं. गव्हाला वास बरोबर. संध्याकाळी थोडा पा. मन खट्टू केलं नाही. आज अंगण ओलं, परवापर्यंत वाळेल...

३०, गुरु., दुपार
पाचला चीक शिजला. सूर्य वर आला तेव्हा निम्मी गच्ची पांढरी. अर्घ्य दिलं, पाणी कुरडयांपासून लांब सोडलं. आठपर्यंत सगळ्या घालून झाल्या. ताटाएवढ्या एकवीस, पाच गुलाबी. सा.बाईंचा हात खरंच हलका.
सकाळभर साडी घाटाकडे. साडेबाराला लोंबली. आत्ता तळेगावकडे. नागफणीमागे फुलकोबीसारखा एक गड्डा, फुगतोय.
बोटाने वाजवून बघितल्या. कडा खडखडीत, मध्ये अजून मऊ. आत्ता उचलल्या तर मोडतील, आणि मोडकी कुरडई रुखवतात मांडता येत नाही.
"उचल गं."
"अजून अर्धा-पाऊण तास, आई."
"आन आला तर?"
"दोनच्या आधी नाही येत."
"तुज्या वहीत लिवलंयस. त्याला म्हाईत हाय का?"
दोघीही हसलो. तरी त्या ताटं घेऊन जिन्यात बसल्यात.
एक वाजून दहा मिनिटं. गच्ची अजून पाय भाजतेय. वही मिटते, वर जाते.