खोबरेलाची खळ

आप्पा, तुमच्या सुनेविरुद्ध एक गंभीर तक्रार आहे. तिच्या काढ्यापायी घरातला गूळ संपत आला आणि चार दिवस मी अगोड चहा पितो आहे. जांबोटीला माहेरी गेली आणि हिवताप घेऊन आली. ताप आता उतरलाय, पण काढा बंद करावा की नाही ते मला ठरवता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहितो आहे.

हायस्कुलात असताना सुटीला मी शहापूरला आलो, तेव्हा मागावर ताण्याचे उभे धागे सारखे तुटत होते. मी तर्कशास्त्राची चार पानं वाचलेला पंडित. सुताला ताठपणा यायला तांदळाऐवजी ज्वारीची खळ करा, तिच्यात खोबरेल घाला, ताणा सावलीत वाळवा, असं फर्मावलं. तुम्ही मुकाट्यानं तिन्ही केलंत. धागे तुटायचे थांबले. मी ऐटीत बसलो, तर तुम्ही विचारता, "कशानं थांबलं रं?"

"तिन्हीनं, आप्पा. शास्त्रात याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. ते असलं तर होतं, नसलं तर होत नाही."

"व्हय? मग नसल्यालं कुठं बघितलंस?"

पुढच्या ताण्याला तुम्ही अर्ध्या अंगाला नेहमीची खळ दिलीत. उरलेल्या अर्ध्याला तीच, फक्त खोबरेल घालून. सूत एक, ऊन एक, माग एक. जुन्या खळीवर अर्धा ताणा कशाला वाया घालवता, म्हणून मी हळहळलो. "ती नसली तर नवीची पारख कशाशी करणार, पंडित?" विणायला आक्काला बसवलंत आणि तेल कुठल्या अंगाला ते तिला सांगितलं नाहीत; कळलं तर तिथं तिचा हात हलका पडेल म्हणून. धागा तुटला की ती त्या बाजूला भिंतीवर खडूची रेघ ओढायची आणि करवादायची, "लुगडं विणतोय का शाळा भरवलीया?" दुसऱ्या ताण्याला तुम्ही बाजू बदललीत, तिसऱ्याला पुन्हा. तिन्ही वेळा तेलाकडे रेघा कमी. मग ज्वारी आणि सावली सोडून दिलीत, आणि त्यांच्याबरोबर माझी विद्वत्ताही.

आता निपाणीच्या शाळेत मी हेच शिकवतो, तुमचं नाव न घेता. घरी मात्र हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या, काढा आणि खाट माडीवर हलवणं, तिन्ही एकाच दिवशी सुरू केलं. काल ती म्हणाली, "अवो, आता काढा सोडू का? गूळ घालूनबी लई कडू लागतोय."

"नको."

"का पण? मास्तर न्हवं तुमी? कारण सांगा की."

कारण कळायला एक उपाय थांबवून बघावा लागेल. तुम्ही ते सुतावर केलंत. तिच्यावर करायला माझं मन धजत नाही. ती हसून काढा पिते. दुपारी तिचा डोळा लागला की मी कपाळाला हात लावून बघतो. टपालात टाकेपर्यंत हे पत्र शाळेच्या कपाटात ठेवणार आहे, तिच्या हाती लागायला नको. ताप परत येईल याची मला फार भीती वाटते, आप्पा.