कोंबडीला कोळी

मंगळवार, संध्याकाळ

त्या बाईंवरचा राग अजून उतरला नाय. बालवाडीच्या प्रवेशासाठी माझ्या चिन्नीला चित्रं दाखवत होत्या. कोंबडीचं चित्र आलं तशी पोरगी खुशीत म्हणाली, "कोळी." बाई हसल्या. "अगं, कोळी जाळं विणतो. ही कोंबडी." वहीत फुली मारली आणि मला म्हणाल्या, "शब्द लई कमी आहेत हो हिच्याकडं."

कमी? साडेतीन वर्षांची लेक माझी. बिदरच्या आजीकडं, माझ्या सासूबाईंकडं, हालु मागते, माझ्याकडं दूध. कन्नडात कोंबडीला कोळीच म्हणतात. बाईंना एकच भाषा येते, आणि शब्द कमी माझ्या पोरीकडं?

हे सगळं आत्ता सुचतंय. तिथं मी नुसती मान डोलावली. सासूबाईंच्या तोंडून सात वर्षं ऐकतेय की कोळी म्हणजे कोंबडी. मग का नाय बोलले? बाईंना आम्ही बाहेरचे वाटू नये म्हणून? नवऱ्यानं घरी आल्यावर हेच विचारलं, तर त्याच्यावरच खेकसले.

आणि येताना रिक्षात चिन्नीचा दंड धरून मी काय म्हणाले? "परत कोळी म्हणायचं नाय. कोंबडी म्हणायचं."

मघाशी शेजारणीची कोंबडी आमच्या दारात आली. चिन्नी पळत गेली, बोट दाखवलं, तोंड उघडलं. मग वळून माझ्याकडं बघितलं आणि तोंड मिटून घेतलं.