जाड भिंतीच्या लोखंडाबाबत माझी अंतिम इच्छा

एका देशाच्या मानकातलं ओतीव लोखंड दुसऱ्या देशाच्या मानकातलं नेमकं कोणतं? या प्रश्नाचं एका ओळीत उत्तर मला देता येत नाही. देता आलं असतं, तर पंचविसाव्या वर्षी मृत्युपत्र लिहायची वेळ आली नसती.

मी, खाली सही करणारी, ओतशाळेच्या चाचणी विभागातली परीक्षक, घरातली पहिली पदवीधर, हे पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. 'कोणाच्याही दबावाखाली नसताना' असं इथे लिहायची पद्धत आहे. मी ते लिहीत नाही. दबाव आहे, तो हे लिहिण्यासाठी नाही, गप्प बसण्यासाठी आहे.

१. बँकेतली शिल्लक आणि नोकरीचा फंड आईला मिळावा. तिने त्यातून आधी दाराला आतून भक्कम कडी बसवून घ्यावी. गेल्या आठवड्यात ओतशाळेच्या मालकांचा माणूस फळं घेऊन घरी आला. मी किती वाजता सुटते, कोणत्या रस्त्याने येते, हे त्याने आपुलकीने विचारलं. आईने कौतुकाने सगळं सांगितलं. यात तिचा दोष नाही.

२. जाडी मोजायचं व्हर्नियर, भिंग आणि पुस्तकं धाकट्या बहिणीला. ती म्हणते, "तायडे, मला पार्लर काढायचंय, तुझं लोखंड घेऊन मी काय करू?" तिने खुशाल पार्लर काढावं. व्हर्नियरने केस मोजले तरी चालतील, पण ते विकू नये.

३. पदवीला मामांनी दिलेलं घड्याळ मामांना परत द्यावं. ते ओतशाळेचे व्यवस्थापक. मला नोकरी त्यांनीच लावली. त्यांच्या खोलीत सगळ्या देशांच्या ग्रेडचा तक्ता आहे. एकीकडे एका देशाची ग्रेड २५०, पलीकडे दुसऱ्याची ३५ किंवा ४०, आणि मध्ये बरोबरचं चिन्ह. त्या चिन्हावरच माझं भांडण आहे. लोखंडाची ताकद वेगळा टेस्ट बार ओतून, तो तोडून बघतात. बारीक बार लवकर थंड होतो आणि मजबूत निघतो. तेच लोखंड यंत्राच्या जाड भिंतीत सावकाश थंड होतं आणि कमजोर पडतं. आमच्या ग्राहकाच्या देशाचं मानक म्हणतं, भिंत जाड तर बारही जाड हवा. आम्ही त्यांच्या पत्रा दाबायच्या प्रेसच्या बॉडीसाठी बारीक बार तोडला आणि तक्त्यावरून पास धरलं; दाखल्यावर माझी सही तेवढी राहिली. मी त्याच लोखंडाचा जाड बार तोडला. तो नापास झाला.

मामा म्हणाले, "कागदाला कागद जुळला ना? कर सही."

"मामा, प्रेसपुढे कागद उभे राहणार नाहीत, माणसं राहतील."

"तुला शिकवलं तिथेच आमचं चुकलं." मग दार लोटून घेत हळूच म्हणाले, "मालक आता माझंही ऐकत नाहीत. एकटी येत जाऊ नकोस."

हे त्यांनी मामा म्हणून सांगितलं की व्यवस्थापक म्हणून, मला अजून कळलेलं नाही. म्हणून घड्याळ परत, राग मात्र माझ्याकडेच ठेवते.

४. माझ्या स्कूटरला अपघात झाला असं कोणी सांगितलं, तर तिचे ब्रेक मी परवाच नवे बसवून घेतले आहेत, एवढं लक्षात ठेवावं.

५. राहिली ती बॉडी. ती माझ्या मालकीची नाही, त्यामुळे कोणाच्या नावे करता येत नाही. मी सही केली नाही तर उद्या दुसऱ्या कोणाची तरी घेऊन ती ट्रकवर चढवणार, हे मला सरळ तोंडावर सांगण्यात आलं. म्हणून आज जेवणाच्या सुट्टीत शेड रिकामी असताना, जिथे सर्वात जास्त ताण येतो त्या भिंतीला मी ड्रिल लावली आणि आरपार नमुना कापून काढला. नमुना ग्राहकाकडे रवाना केला आहे. त्या भिंतीला भोक पडलेली बॉडी कुठल्याच देशाच्या मानकात बसत नाही.

साक्षीदार: १. शेजारच्या शिंपीणकाकू (सही) २. कॉलेजातल्या धातुशास्त्राच्या बाई (सही)
ठिकाण: आमच्या घराची मागची खोली
तारीख: बॉडी ट्रकवर चढणार होती, त्याच्या आदली संध्याकाळ
लिहून देणारी: (सही)