पडद्यावर माझी नात

ता. ३ जून

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

तुमचे गुडघे आता कुरकुरत नसतील अशी आशा आहे. इकडे आई ठीक आहे, मी ठीक आहे, आणि बाबा माझ्याशी बोलत नाहीत.

कारण सांगते. ‘सांगते’ असंच लिहिलंय, आजोबा, हात चुकलेला नाही. मी मुलगी आहे. सोळा वर्षं सगळ्यांनी मला मुलगा म्हणून वाढवलं, पण आतून मी कधीच मुलगा नव्हते. आईला गेल्या वर्षी सांगितलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातली ड्युटी संपवून येताना तिने माझ्यासाठी केसांच्या पिना आणल्या. बाबांना मार्चमध्ये सांगितलं. तेव्हापासून ते बसच्या डेपोतून येतात, हातांचं ग्रीस घासून काढतात, जेवतात आणि पेपरच्या मागे जातात ते जातातच.

आता खरी बातमी. एक दिग्दर्शिका सिनेमा करताहेत, माझ्यासारख्याच एका मुलीवर. घरच्यांनी आपल्याला मुलगी म्हणून एकदा हाक मारावी, एवढंच तिला हवं असतं. हे काम त्यांना कुणा नटाकडून करून घ्यायचं नव्हतं. गावोगाव हिंडून त्या आम्हा आठ जणींना भेटल्या आणि त्यांनी मला निवडलं! पण मी अजून अठराची नाही, म्हणून आईवडील दोघांची सही लागते. आईने केली. बाबांनी कागद न वाचताच परत दिला. तुम्ही चाळीस वर्षं थिएटरात ऑपरेटर होतात, लोकांना सिनेमे दाखवलेत. तुमचा शब्द ते मोडत नाहीत. लिहाल का त्यांना?

तुमच्या लोभाची आत्ता जरा जास्तच गरज असलेली,
तुमची नात
(आता बंड्या म्हणू नका, प्लीज.)

ता. ११ जून

चि.
(पुढे काय लिहावं ते सुचेना, म्हणून जागा तशीच सोडली.)
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. चार वेळा वाचलं. पहिल्या वेळी चष्मा पुसून घेतला, म्हटलं दोष त्याचाच असेल.

खोटं कशाला बोलू, मला नीट कळलेलं नाही. मी पडलो यंत्रातला माणूस. रीळ तुटलं की कुठे तुटलं ते शोधायचं, चिकटवायचं, पुढे चालू. इथे काही तुटलंय असं तू म्हणतच नाहीस. उलट आता सगळं जागेवर आलंय असं लिहितोस. लिहितेस. बघ, हात कसा अडखळतो.

एकच विचारतो, राग मानू नकोस. सिनेमात जायला मिळावं म्हणून तर हे नाही ना? पडद्यापायी घरदार सोडून आलेली पुष्कळ पोरं मी थिएटरच्या दारात पाहिली. त्यातलं एकही हसत परत गेलेलं पाहिलं नाही.

आणि बंड्या नको तर काय म्हणू? ‘बंडी’ म्हणावं तर ती अंगात घालायची. तूच सुचव.

माया होती तिथेच आहे, शोधावी लागणार नाही.
तुझे आजोबा

ता. १९ जून

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

सिनेमा आत्ता आला, आजोबा. मी आधीपासून आहे.

मी सहा वर्षांची असताना तुम्ही मला मशीनखोलीत न्यायचात आणि कापून टाकलेल्या फिल्मचे तुकडे द्यायचात. मी ते दिव्यासमोर धरून बघायचे आणि दर वेळी नायिकेचाच तुकडा खिशात टाकायचे. एकदा तुम्ही हसून विचारलंत की हिच्याशी लग्न करणार का, आणि मी भोकाड पसरलं. पोरगं लाजलं, असं तुम्ही घरी येऊन सांगितलंत. मी लाजले नव्हते. मला तिच्याशी लग्न करायचं नव्हतं, मला ती व्हायचं होतं. तेवढं सांगायला शब्द नव्हते म्हणून रडले.

सिनेमा मिळाला नाही तरी मी हीच राहणार आहे. मिळाला तर एवढंच होईल की माझ्यासारखी कुणी पोरगी अंधारात बसून तो बघेल, आणि आपण एकटीच नाही हे तिला कळेल. मला ते कळायला पंधरा वर्षं लागली.

नावाचं म्हणाल तर मशीनखोलीचा लोखंडी जिना चढताना तुम्ही मला खारूताई म्हणायचात. ते चालेल. खारीला कुणी खारोबा म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही.

लोभ आहे तेवढा ठेवा, वर थोडा आणखी घाला.
तुमची खारूताई

ता. २७ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझ्या मुलीची दोन पत्रं आली. दुसरं वाचून मी दोन दिवस कुणाशी बोललो नाही. तेव्हा अबोल्याबद्दल तुला बोल लावायचा मला फारसा अधिकार नाही. पण माझा दोन दिवसांत सुटला. तुझा चौथ्या महिन्यात गेलाय.

तू सोळाचा होतास तेव्हा मी तुला ऑपरेटर करायला निघालो होतो, आठवतं? मशीनखोलीत येऊन तू पडद्याकडे एकदाही बघायचा नाहीस. मोटरीला कान लावून बसायचास. मला ते दिसत होतं, पण बघायचं नव्हतं. शेवटी तुझ्या आईने डेपोच्या अर्जावर सही केली आणि मी महिनाभर तोंड फुगवून बसलो. आज तुझा हात फिरल्याशिवाय तिथली एक बस रस्त्यावर येत नाही.

तुझ्यापुढचं प्रकरण याहून फार मोठं आहे, कळतं मला. पण पोर समोर उभी राहून सांगते की मी ही अशी आहे, आणि बाप भलतीकडे बघतो, एवढं दोन्हीकडे सारखंच आहे.

सही कर असं मी सांगत नाही. एकदा जा आणि नीट बघ. मग काय ते ठरव.

रागावलास तरी पत्र पाठव.
तुझे बाबा

ता. ९ जुलै

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मला पत्र लिहायची सवय नाही. सुटं सुटं लिहितो, जोडून घ्या.

मला तिची लाज वाटत होती असं तुम्हा सगळ्यांना वाटतं. लाज नव्हती, भीती होती. डेपोत बारा माणसं माझ्या हाताखाली आहेत. चहाच्या सुट्टीत अशा पोरांबद्दल काय काय बोलतात ते मी ऐकतो. घरात हिला गप्प केलं तर बाहेर ती सुखरूप राहील, असं मी धरून चाललो होतो.

रविवारी शाळेच्या हॉलमध्ये तालीम होती. दिग्दर्शिका बाईंनी माझ्या सहीची वाट बघत तिला नुसतं सरावाला बोलावलं होतं. मी बघायला नाही, तिला उठवून आणायला गेलो होतो. दारातच थबकलो. सिनेमातला बाप तिला सांगत होता की यापुढे मला बाबा म्हणू नकोस. बाईंनी तो प्रसंग सात वेळा करून घेतला. सातही वेळा ती ताठ उभी राहिली, मान खाली घातली नाही. बाबा, मार्चमध्ये मी तिला अगदी हेच बोललो होतो.

मला वाटलं, तिनेच घरातलं बाहेर सांगितलं. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या की ते वाक्य हिची भेट होण्याआधी वर्षभर लिहून ठेवलंय, आणि नंतर भेटलेल्या आठ जणींपैकी पाच जणींनी ते घरी ऐकलेलं निघालं. हिने मात्र हूं की चूं केलं नव्हतं.

मग कागद मागितला. सही केली. आपण हिचे कोण, असं बाईंनी विचारलं तेव्हा ‘बाबा’ म्हणालो. परत येताना बसमध्ये तिला सांगितलं की माझं चुकलं. ती म्हणाली की माहीत आहे, आणि खिडकीबाहेर बघत राहिली. थोड्या वेळाने डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. रुसून लगेच सुटायचा स्वभाव तुमच्यावर गेलाय.

कमीजास्त लिहिलं असेल तर पोटात घाला.
आपला,
धाकटा

ता. २२ ऑगस्ट (पुढच्या वर्षीचा)

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

काल तुझा सिनेमा आमच्या थिएटरात लागला. सविस्तर लिहितो, कारण फोनवर एवढं मावणार नाही.

नव्या ऑपरेटरने मला मानाने वर बोलावलं. तिथे आता रीळ नाही, तेलाचा वास नाही, एक पेटी आणि चार बटणं. मी त्याला सांगितलं की आज मी खाली बसणार. चाळीस वर्षं चौकोनी झरोक्यातून लोकांच्या डोक्यांवरून सिनेमे पाहिले. माझ्या नातीला मी इतरांसारखा खुर्चीत बसून बघणार होतो. तिसरी रांग, मधोमध. मान दुखली, दुखू दे.

पहिल्यांदा तू आलीस तेव्हा माझ्या मागचे दोघं खिदळले. मी उठायच्या बेतात होतो. पण तू असं काही बघितलंस सरळ पडद्यातून, की ते आपोआप थांबले. मध्यंतरानंतर त्यांतला एक नाक ओढत होता. आणि बाप दार लावतो तिथे अख्खं थिएटर चिडीचूप. लोक असे गप्प होतात ते कधी, हे मला माहीत आहे. मोजके सिनेमे असतात तसे.

तुझा बाप डेपोतल्या बाराही जणांना घेऊन पहिल्या दिवशी गेला होता, असं तुझी आई सांगत होती. आत शिरण्यापूर्वी त्याने सगळ्यांना दारात उभं करून सांगितलं म्हणे, की सिनेमात जी काम करते ती माझी मुलगी आहे, कुणाला काही बोलायचं असेल तर आत्ता बोला. बाराही जण आत गेले. मला हे त्याने स्वतः कळवलेलं नाही. तो कळवणारही नाही.

दिवे लागले तेव्हा टाळ्या सुरू झाल्या आणि मी उभा राहिलो. शेजारच्यांना वाटलं, म्हाताऱ्याला बाहेर जायचंय, म्हणून त्यांनी पाय बाजूला घेतले. मी त्यांना सांगितलं की मला कुठेही जायचं नाही, ती माझी नात आहे. एकाने पुढच्याला सांगितलं, त्याने त्याच्या पुढच्याला. बाहेर पडेपर्यंत निम्म्या थिएटराने माझा हात हातात घेतला होता. आयुष्यात इतक्यांनी कधी घेतला नव्हता.

आता कामाचं. जिन्यापाशी एक गृहस्थ थांबले होते. शेजारी शाळेच्या गणवेशातलं मूल, मुलांच्याच शर्ट-पँटमधलं, पण नखांना पुसट लाल रंग होता. दप्तर गृहस्थांच्या खांद्यावर. माझ्या नातीचं हे मला लगेच उमगलं होतं का, असं त्यांनी हळूच विचारलं. मी खरं ते सांगितलं, की मला वेळ लागला, आणि तेवढा वेळ माझी नात थांबली. ते मान हलवत राहिले. मग त्या मुलाने, की मुलीने, ते तीच तुला सांगेल, तुझा पत्ता मागितला. मी माझ्या पेनने वहीच्या शेवटच्या पानावर लिहून दिला.

पत्र येईल. वेळ काढून उत्तर लिही, मोठं लिही. नवं शूटिंग असेल आणि जमणार नसेल तर मला कळव, मी लिहीन.

अभिमानाने छाती फुगून शर्टाचं बटण तुटलेले,
तुझे आजोबा