लग्नाचा हंस

वहिनी,

बूट सापडले. तुम्ही ते किमचीच्या रिकाम्या रांजणात लपवाल, हे मला ठाऊक होतं. आता सगळी पलटण माझ्या पायांचा वास घेऊन हसेल. रजा मोडून बोलावणं आलंय, आणि मी चाललोय.

परवाच्या लग्नासाठी कोरलेला लाकडी हंस फडताळात आहे. तो ओकबुनच्या घरी पाठवू नका. तिच्या आईने तो एकदा ओच्यात झेलला की ओकबुन माझी बायको झाली, आणि मी परतलो नाही तर एकोणिसाव्या वर्षी विधवा. ते मला नकोय.

ती भांडायला येईलच. तिला हंस दाखवा. म्हणावं, त्याचा एक डोळा कोरायचा राहिलाय, आणि कोरणी मानशिकने सोबत नेलीय.

मानशिक